भरताला वाईन वर्ज्य का?

खानदेशी जेवण आणि पांढरी वाईन यांचं जमत नाही, हे मत आता इतक्या खात्रीने मांडलं जातं की ते एकदा तपासून पाहावं असंही कुणाला वाटत नाही. पुण्या-मुंबईकडचे वाईनचे जाणकार म्हणतात, तिखटापुढे वाईनची चव मरते, त्यापेक्षा बिअर घ्या. हॉटेलवाले म्हणतात, वाईनसोबत चीज घ्यावं, फार तर मासळी. भरीत नि शेवभाजी तिच्या वाटेला नको. आणि गावातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ही मुळात आपल्या ताटातली वस्तूच नाही. तिघांची कारणं वेगळी, निकाल एकच. मला हा निकाल मान्य नाही. पहिल्या दोघांचं म्हणणं चवीच्या कसोटीवर टिकत नाही. तिसऱ्यांच्या म्हणण्यात एक मोठं सत्य आहे, पण ते या वादाच्या भलत्याच टोकाला बांधलं गेलं आहे. रावेर तालुक्यात राहून, इथलंच जेवण जेवून हे लिहीत असल्यामुळे मुद्दे इथल्याच ताटावरचे घेतो.

वाद हवेत राहू नये म्हणून आधी वाईन कोणती ते ठरवू. ‘फ्रेंच व्हाइट वाईन’ असं मोघम बोलण्यात काही अर्थ नाही. फ्रान्समध्ये दर खोऱ्यागणिक द्राक्षाची जात बदलते आणि वाईनचा स्वभावही. माझा मुद्दा शेनिन ब्लाँ या द्राक्षाच्या वाईनबद्दल आहे. फ्रान्सच्या पश्चिमेकडे समुद्राला मिळणाऱ्या ल्वार नदीचं खोरं हे तिचं माहेर. तिथल्या तूर शहराच्या पूर्वेला नदीच्या उजव्या काठावर वूव्रे नावाचं गाव आहे. मऊ चुनखडीच्या डोंगरात कोरलेल्या तळघरांमध्ये तिथली वाईन मुरते, आणि १९३६ पासून ‘वूव्रे’ या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. या द्राक्षाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे आंबटपणा. पूर्ण पिकून साखर भरली तरी ते आपला आंबटपणा सोडत नाही. त्यामुळेच या एकाच द्राक्षापासून अगदी कोरडी, किंचित गोड, भरपूर गोड आणि फसफसणारी अशा सगळ्या तऱ्हांच्या वाईन होतात, आणि गोड वाईनही पाकासारखी जड लागत नाही.

हे द्राक्ष फ्रान्सपुरतं राहिलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेत डच वसाहतीच्या काळापासून ‘स्टीन’ या नावाने ते लावलं जात होतं. ते शेनिन ब्लाँच आहे, हे १९६५ साली पक्कं झालं. आज फ्रान्सपेक्षा जास्त शेनिन ब्लाँ दक्षिण आफ्रिकेत पिकते. आणि आपल्या नाशिकला? गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी ‘सुला’ उभी केली. २००० साली तिच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या, त्यात शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या दोन फ्रेंच जातींच्या पांढऱ्या वाईन होत्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरल्यावर फळछाटणी आणि जानेवारीपासून तोडणी, अशा आपल्या द्राक्षबागांच्या वेळापत्रकात ही जात बसली. उष्ण हवेत बाकीच्या कितीतरी जातींचा आंबटपणा तोडणीआधीच उडून जातो, शेनिनचा टिकतो. शिवाय नाशिकची बरीच शेनिन ब्लाँ मुद्दाम किंचित गोड ठेवलेली असते. या दोन गोष्टी, आंबटपणा आणि थोडीशी गोडी, पुढच्या सगळ्या युक्तिवादाचा पाया आहेत.

आता पहिला आक्षेप: तिखटाला वाईन चालत नाही. या आक्षेपामागे खरं शास्त्र आहे, त्यामुळे तो नीट मांडायला हवा. मिरचीतलं कॅप्सायसिन हे जिभेवरच्या ज्या ग्राहींना जाऊन चिकटतं, त्यांचं मूळ काम गरम पदार्थाने भाजतंय याची सूचना देणं. मिरची खाल्ल्यावर तोंड ‘भाजतं’ ते त्यामुळे. मद्यार्क त्याच ग्राहींना चेतवतो. २००२ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं की एरवी साधारण ४२ अंश सेल्सियसला जागी होणारी ही ग्राही मद्यार्काच्या संगतीत ३४ अंशांनाच जागी होते. ३४ अंश म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षाही कमी. म्हणजे मद्यार्क जितका कडक, तितका तिखटाचा भडका मोठा. त्यात लाल वाईन असेल तर द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेलं टॅनिन जीभ आणखी कोरडी नि खरखरीत करतं. ठेच्याचा घास घेऊन वर दाट लाल वाईन प्यायल्यावर तोंडात कडवट आग होते, हा अनुभव खोटा नाही. जाणकारांचं इथवर बरोबर आहे.

पण याच शास्त्राचा पुढचा भाग ते सोडून देतात. मद्यार्क हाच गुन्हेगार असेल, तर खानदेशात आज तिखट जेवणासोबत प्रत्यक्षात काय प्यायलं जातं ते पाहा. शेतातल्या मटणाच्या पार्टीत, काळ्या मसाल्याच्या रश्श्याशेजारी व्हिस्की किंवा रम असते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या व्हिस्कीत मद्यार्काचं प्रमाण सर्रास ४२.८ टक्के असतं. शेनिन ब्लाँमध्ये ते १२-१३ टक्क्यांच्या आसपास. ज्यांना तिखट आणि मद्य यांच्या भांडणाची खरोखर काळजी आहे, त्यांनी आधी व्हिस्कीला हरकत घ्यायला हवी होती. ती कुणी घेत नाही, कारण व्हिस्कीकडे चव म्हणून कुणी पाहतच नाही. पाणी घालून तिचा कडकपणा कमी होतो हे खरं. पण पाण्याने आणि सोड्याने ग्लासात गोडी येत नाही आणि रसदार आंबटपणाही येत नाही.

तिखट शमवतं काय, हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे: थंड काहीतरी, थोडं गोड, थोडं आंबट. म्हणून ठेच्याबरोबर दही येतं, भाजीवर लिंबू पिळलं जातं, तोंड पोळलं की गुळाचा खडा शोधला जातो. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तांब्याभर पाण्याने आग विझत नाही. गोडीने मात्र ती जाणवायची कमी होते. आता ८ ते १० अंशांवर थंड केलेली, किंचित गोड, चांगली आंबट, टॅनिन जवळपास नसलेली आणि मद्यार्क बेताचा असलेली वाईन हवी असेल, तर ते वर्णन वूव्रेच्या किंचित गोड वाईनचं आहे आणि नाशिकच्या शेनिन ब्लाँचंही. पांढऱ्या वाईनमध्ये टॅनिन जवळपास नसतं, कारण द्राक्ष चिरडून रस आधीच काढून घेतात आणि साली बाजूला सारून तो आंबवतात. ‘तिखटाला वाईन चालत नाही’ या वाक्यात ‘वाईन’ हा एकच शब्द लाल-पांढरी, कोरडी-गोड, सौम्य-कडक असे सगळे प्रकार गिळून बसला आहे. खरं वाक्य असं आहे: तिखटाला कडक मद्य चालत नाही, आणि टॅनिनची लाल वाईन चालत नाही. ते मला पूर्ण मान्य आहे.

शास्त्र झालं. आता ताट.

हिवाळ्यात यावल-रावेरकडे भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. वांगी मोठी, हिरवट-पांढरी, गरदार. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी साल काळी पडेपर्यंत भाजायची, साल सोलून गर लाकडी भांड्यात ठेचायचा, आणि सढळ तेलात लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात नि कोथिंबीर घालून परतायचा. शेजारी पुऱ्या किंवा कळण्याची भाकरी, कच्चा कांदा, मुळा. या भरतात टोमॅटो नाही, चिंच नाही, गूळ नाही. तेल आहे, धूर आहे, हिरव्या मिरचीचा सरळ झणका आहे, वांग्याची मऊ गोडी आहे. फक्त आंबट नाही. ती उणीव आपण लिंबू पिळून भरतो. थंड शेनिन ब्लाँचा घोट तेच काम करतो: तेलाचा थर जिभेवरून उतरवतो, मिरचीवर थोड्या गोडीचा हात फिरवतो आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. धुराचा वास वाईनला मारत नाही; तिच्यातला पिकल्या सफरचंदाचा नि मधाचा वास धुरापुढे उलट उठून दिसतो. हे ताट मी मांडून पाहिलं आहे आणि प्यायची सवय असलेल्या पाहुण्यांपुढेही ठेवलं आहे. चव घेतल्यावर वाद घालायला कुणी उरत नाही.

दुसरा पदार्थ आणखी साधा. सावदा-फैजपूरकडून रावेरला येताना रस्त्याकडेला कढया लागलेल्या दिसतात. कच्च्या केळीच्या चकत्या थेट उकळत्या तेलात पडतात, वरून मिठाच्या पाण्याचा हबका बसतो आणि गरम वेफर्स कागदात येतात. मीठ, तेल आणि कुरकुरीतपणा यांच्याशी आंबट पांढऱ्या वाईनचं जितकं जमतं तितकं दुसऱ्या कशाशीच जमत नाही. फ्रेंच लोक तळलेल्या छोट्या मासळीबरोबर तेच करतात. आणि केळीच्या मुलखातल्या माणसाने लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट इथे आहे. पिकत्या केळीच्या वखारीत शिरताच जो वास नाकात भरतो, त्याचं मुख्य कारण आयसोअमाईल ॲसिटेट नावाचं संयुग. थंड तापमानावर आंबवलेल्या ताज्या पांढऱ्या वाईनमध्ये यीस्ट हेच संयुग तयार करतं. कोवळ्या शेनिनच्या ग्लासात नाक घातल्यावर केळीची आठवण होते ती भास म्हणून होत नाही. रेणू तोच आहे. ज्या वाईनला आपण परकी म्हणतो, तिचा वास ओळखायला रावेरच्या माणसाला कुणाकडून शिकावं लागणार नाही.

तिसरं ताट वरण-बट्टीचं. कणकेची बट्टी, वर तुपाची धार, तुरीचं वरण, वांग्याची घोटलेली भाजी. तूप आणि कणीक यांचा जडपणा कापायला आंबटच लागतं. इथे जरा कमी गोडीची शेनिन चांगली.

आणि जिथे जमत नाही तिथे जमत नाही असं मी स्पष्ट सांगतो, नाहीतर या लेखाला काही किंमत राहणार नाही. काळ्या मसाल्याची दाट शेवभाजी आणि मटणाचा झणझणीत रस्सा यांच्यापुढे ही वाईन हरते. भाजलेलं खोबरं, कांदा आणि खडा मसाला यांची चव इतकी गडद असते की ग्लासातलं काहीच उरत नाही. मांडे आणि आमरस यांच्याबरोबर तर तिला मुळीच आणू नये. वाईन नेहमी पदार्थापेक्षा गोड असावी लागते. पुरणाच्या घासानंतर किंचित गोड शेनिनसुद्धा लिंबाच्या पाण्यासारखी लागते. म्हणजे खानदेशी जेवणातलं काही जमतं, काही जमत नाही. फ्रेंच जेवणाचंही असंच आहे. मग सरसकट नकार फक्त आपल्यालाच का?

इथे दुसरा आक्षेप येतो: वाईनसोबत चीज आणि मासळी, हाच नियम. हा नियम आला कुठून, ते पाहू. ल्वारच्या मुखाशी, नांतजवळ, मुस्कादे नावाची हलकी पांढरी वाईन होते. तिथे समुद्र जवळ, म्हणून ती कालवांबरोबर प्यायली जाते. त्याच नदीवर पुष्कळ वर, सांसेर गावात सोव्हिन्यों ब्लाँ पिकते. शेजारच्या शाव्हिन्योल गावात शेळीच्या दुधाचं चीज होतं, म्हणून ती दोन्ही एका ताटात आली. वूव्रेच्या मुलखात नदीतली मासळी लोण्याच्या आंबूस सॉसबरोबर खातात, डुकराचं मांस त्याच्याच चरबीत शिजवून खातात, आणि शेनिन ब्लाँ या दोन्हींसोबत घेतात. म्हणजे शेजारी जे पिकत होतं, जे रांधलं जात होतं, ते शेजारची वाईन घेऊन लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं. जे जुळलं ते टिकलं, आणि पुढे कुणीतरी त्याचा नियम लिहिला. आधी ताट, मग नियम.

आपल्याकडे हा क्रम उलटा झाला आहे. तिकडच्या ताटावरून काढलेला नियम इकडे आणायचा आणि आपलं ताट त्यात बसत नाही म्हणून ताटालाच दोष द्यायचा. ज्या नियम लिहिणाऱ्याने भरीत कधी पाहिलं नाही, त्याच्या नियमात भरीत नसणारच. त्यावरून भरताबद्दल काही सिद्ध होत नाही. नाशिकची द्राक्षं आणि यावलची वांगी एकाच महाराष्ट्रात, एकाच हिवाळ्यात तयार होतात. त्यांची जोडी जुळते की नाही हे ठरवायचा पहिला हक्क हे दोन्ही खाणाऱ्या-पिणाऱ्यांचा आहे, आणि जाणकारांनी तो हक्क आपल्याकडे ठेवू नये.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर: ही आपली वस्तू नाही. यातला ‘आपलं-परकं’ हा भाग मी झटकन बाजूला ठेवतो. ज्या भरतावर आपण जीव टाकतो त्यातली मिरची आणि शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात इकडे आले. खानदेशचं ताट नेहमीच बाहेरचं घेऊन आपलं करत आलं आहे.

पण वडीलधाऱ्यांच्या मनात खरी भीती दारूची असते, आणि ती भीती अनाठायी नाही. रावेरपासून हाकेच्या अंतरावर बुऱ्हाणपूर आहे. अकबराचा मुलगा दानियाल १६०५ साली तिथेच दारूपायी मेला. पहारा बसवूनही त्याने बंदुकीच्या नळीतून दारू मागवली, असं जहांगीराने लिहून ठेवलं आहे. जहांगीराचा मुलगा परवेझ १६२६ साली त्याच शहरात त्याच कारणाने गेला. राजपुत्रांची ही गत, तर कर्जात बुडालेल्या घराची काय होत असेल हे आपल्या गावांना सांगावं लागत नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने १००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या दुकानांत वाईन विकू द्यायचं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते सर्वांनी पाहिलं. त्या वादात ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असं जे सांगितलं गेलं, ते मला साफ नामंजूर आहे. वाईन ही दारूच आहे. तिच्यात मद्यार्क आहे, तिचं व्यसन लागतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की मद्यपानाचं कोणतंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही. हृदयाला चांगली म्हणून वाईन प्या, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

एवढं मान्य करून मी म्हणतो की प्यावं की पिऊ नये आणि काय कशाबरोबर जुळतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न नीतीचा, प्रकृतीचा, घराचा. गळ्यात माळ घालून मुक्ताईच्या वारीला जाणाऱ्याने त्याचं उत्तर दिलेलं आहे आणि ते अंतिम आहे. त्याच्या घरी वाईनचा विषयही निघू नये. दुसरा प्रश्न चवीचा. त्याचं उत्तर नीतीच्या जोरावर देता येत नाही. वाईन वाईट आहे, म्हणून ती भरताबरोबर वाईट लागते, असं होत नाही. आणि हे दोन प्रश्न एकत्र केल्याचा तोटा दारूविरोधी माणसालाच होतो. आपल्याकडे मद्याचा विचार चवीशी जोडलेला नाही, म्हणून ते जेवणाआधी, उपाशीपोटी, घाईघाईने आणि नशेसाठी घेतलं जातं. जेवण येईपर्यंत जीभ बधिर झालेली असते. ज्या पेयाची किंमत घासागणिक कळते, ते घासागणिकच प्यायलं जातं. ही व्यसनमुक्तीची हमी नाही, पण रित्या पोटी रिचवलेल्या क्वार्टरपेक्षा ताटाशेजारचा एक ग्लास बरा, हे कोणताही डॉक्टर सांगेल.

म्हणून माझं म्हणणं तिघांनाही आहे. जाणकारांनो, तिखटाविषयीचा तुमचा नियम लाल वाईनपुरता ठेवा आणि पुढची यादी लिहिण्याआधी पऱ्हाट्यांवर भाजलेलं भरीत एकदा खाऊन जा. हॉटेलवाल्यांनो, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या खोलीत बाटल्या उभ्या ठेवून मग वाईन आंबट लागते म्हणू नका; ती थंड ठेवा, थंड वाढा आणि चीजच्या आधी केळीचे वेफर्स पुढे करा. जो पीत नाही त्याने मुळीच सुरुवात करू नये. आणि जो पितोच, त्याने या हिवाळ्यात भरिताच्या पार्टीला व्हिस्की घरी ठेवावी, नाशिकच्या शेनिन ब्लाँची एक बाटली चौघांत वाटून घ्यावी आणि गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी. खानदेशी ताटाला वाईन वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ती न चाखता दिलेली शिफारस.